सातवीतील मुलीकडून संभाव्यतेचा आणि ‘किती प्रकारे’च्या गणितांचा सराव कसा करून घ्यावा?

घणसोलीची आई (घणसोली, नवी मुंबई)

नमस्कार. माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजी माध्यमात शिकते. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात संभाव्यता हे प्रकरण दहावीच्या गणित भाग १ मध्ये येते, याची मला कल्पना आहे. परंतु ती ज्या स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहे, तिच्या सरावसंचांत नाणी, फासे, पिशवीतील रंगीत गोट्या आणि ‘किती वेगवेगळ्या प्रकारे’ अशा स्वरूपाचे प्रश्न आताच येऊ लागले आहेत. एरवी तिचे गणित चांगले आहे, अपूर्णांक आणि गुणोत्तरे ती न अडखळता करते, पण येथे तिची उत्तरे वारंवार चुकतात आणि ती का चुकली हे तिला पटत नाही.

तीन ठिकाणी ती अडते. दोन नाणी उडवली तर तीनच गोष्टी घडू शकतात, असे ती म्हणते: दोन छापे, दोन काटे किंवा एक छापा आणि एक काटा. त्यामुळे प्रत्येकीची संभाव्यता १/३ आहे, असे तिचे उत्तर असते. उत्तरसूचीत ‘एक छापा आणि एक काटा’ यासाठी १/२ दिलेले दाखवले तर ‘दोन्ही नाणी सारखीच आहेत, मग छापा-काटा आणि काटा-छापा हे वेगळे कसे?’ असे ती विचारते, आणि मला तिला समाधानकारक उत्तर देता येत नाही. दुसरे असे की तीन सदरे आणि चार विजारी यांच्या जोड्या ती बरोबर १२ सांगते, परंतु पाच मैत्रिणींतून रांगोळीसाठी दोघींची निवड करायची असेल तर तेथेही गुणाकार करून २० असे लिहिते. तिसरी गोष्ट म्हणजे फाशावर सहा पडणे इतर अंकांपेक्षा अवघड असते, असा तिचा पक्का समज आहे.

ती जेथे शिकवणीला जाते, तेथे याच्यासाठी क्रमगुणिताची (म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ अशा गुणाकारांची) सूत्रे पाठ करून घेतली गेली. या वयात ती सूत्रे आवश्यक आहेत का, की आधी काही वेगळे करावे? घरी बसून रोज थोडा वेळ करता येईल असा सराव कोणी सुचवला तर फार उपकार होतील.

नौपाड्यातील शिक्षिका (ठाणे पश्चिम)

‘दोन्ही नाणी सारखीच आहेत’ हा आपल्या मुलीचा आक्षेप विचारातून आलेला आहे, आणि त्याचे उत्तर तिला मिळाल्याशिवाय पुढच्या गणिताकडे जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते. या जागी मोठमोठे लोक अडखळले आहेत. दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली एका विश्वकोशातील लेखात असे मांडले की, नाणे दोनदा उडवायचे असेल आणि निदान एकदा छापा हवा असेल, तर पहिल्यांदाच छापा पडल्यावर दुसऱ्यांदा उडवण्याचे कारणच उरत नाही. म्हणून शक्यता तीनच (छापा, काटा-छापा, काटा-काटा) आणि त्यांतल्या दोन अनुकूल, म्हणजे संभाव्यता २/३. खरे उत्तर ३/४ आहे. त्याने मोजलेल्या तीन शक्यता सुट्या सुट्या खऱ्या आहेत, पण त्या तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत. पहिलीत छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन निष्पत्ती, म्हणजे शक्य निकाल, दडलेल्या आहेत. आपली मुलगी नेमके हेच करते आहे.

उपाय म्हणून तिला एक पाच रुपयांचे आणि एक दहा रुपयांचे नाणे द्यावे. पाचावर काय पडले आणि दहावर काय पडले, असे दोन रकाने आखून सर्व निष्पत्ती तिने स्वतः लिहाव्यात. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा या चार ओळी ती आपसूक लिहील, कारण नाणी वेगळी दिसत आहेत. मग दहाच्या नाण्याच्या जागी दुसरे पाचाचे नाणे ठेवावे आणि तिला विचारावे की नाणी हवेत उडून खाली पडण्याच्या क्रियेत यामुळे काय बदलले. काहीही बदलले नाही. फक्त आपल्याला दोन नाणी वेगळी ओळखता येईनाशी झाली. आपल्या ओळखण्या-न ओळखण्याने एखादी गोष्ट अधिक वेळा किंवा कमी वेळा घडू शकत नाही, हे तिला येथे उमजले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे प्रत्यक्ष प्रयोगाने करावे, आणि प्रयोगापूर्वी अंदाज कागदावर लिहून ठेवण्याचा आग्रह धरावा. दोन नाणी १०० वेळा उडवली तर ‘एक छापा, एक काटा’ असे तिच्या मताप्रमाणे सुमारे ३३ वेळा पडायला हवे आणि चार निष्पत्तींच्या यादीप्रमाणे सुमारे ५० वेळा. हे दोन अंदाज एकमेकांपासून इतके दूर आहेत की १०० वेळांच्या नोंदीतच निवाडा होतो. प्रत्यक्षात हा आकडा बहुतेक वेळा ४० ते ६० यांच्या दरम्यान येतो.

यानंतर दोन फासे घ्यावेत, एक लाल आणि एक पांढरा, आणि ६ × ६ असा ३६ घरांचा तक्ता आखून प्रत्येक घरात बेरीज लिहावी. बेरीज ७ येणारी सहा घरे तिरक्या रांगेत दिसतात, तर २ आणि १२ यांना एकेकच घर मिळते. बेरीज २ पासून १२ पर्यंत अकरा प्रकारची येते म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/११, असे म्हणणारी मुले दर वर्षी भेटतात. तक्ता आखलेले मूल तसे म्हणत नाही. पाठ्यपुस्तकात ‘समसंभाव्य निष्पत्ती’ असा जो शब्द येतो, त्याचा अर्थ मुलांना या तक्त्यातून कळतो. म्हणून माझ्याकडे नियम असा आहे की अपूर्णांक लिहिण्यापूर्वी पूर्ण यादी लिहायची आणि यादीखाली ‘या सर्व सारख्याच शक्य आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहायचे. या वाक्याला मी गुण देते.

मुलगी उत्साही असेल तर तिला गॅलिलिओचा प्रश्न द्यावा. तीन फाशांची बेरीज ९ होण्याचे सहा गट आहेत आणि १० होण्याचेही सहाच, तरीही खेळणाऱ्यांच्या अनुभवाला १० अधिक वेळा येत असे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने २१६ निष्पत्ती मोजून दाखवल्या: ९ साठी २५ आणि १० साठी २७. हे सहा-सहा गट तिने स्वतः शोधावेत आणि ३-३-३ हा गट एकाच प्रकारे, तर १-२-६ हा गट सहा प्रकारे का पडतो, ते लिहावे. दोन नाण्यांविषयीची तिची शंका हीच आहे, फक्त येथे फासे तीन आहेत.

घणसोलीची आई

मॅडम, मनःपूर्वक आभार. दोन वेगळ्या नाण्यांची युक्ती तिला लगेच पटली. आता रांगोळीच्या प्रश्नाविषयी कोणी सांगावे. २० ला २ ने भागायचे हे मी तिला सांगितले, तर तिने सदरे-विजारींच्या १२ लाही २ ने भागले.

ऐरोलीकर (ऐरोली, नवी मुंबई)

ताई, तिने १२ लाही भागले याचा अर्थ भागण्याचे कारण तिच्यापर्यंत पोहोचलेले नाही, केवळ क्रिया पोहोचली आहे. आमच्या घरी हा प्रश्न रेल्वेच्या तिकिटांवरून सुटला, म्हणून तोच मार्ग सुचवतो.

ठाणे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि वाशी ही पाचच स्थानके घ्यावीत. मधली इतर स्थानके तूर्त सोडून द्यावीत. ‘कोठून’ आणि ‘कोठपर्यंत’ असे छापलेली एकेरी प्रवासाची किती वेगवेगळी तिकिटे लागतील? ‘कोठून’साठी पाच पर्याय आणि त्यानंतर ‘कोठपर्यंत’साठी चार, म्हणजे २० तिकिटे. ऐरोली ते वाशी आणि वाशी ते ऐरोली ही दोन तिकिटे निराळी आहेत, हे सांगावे लागत नाही. आता दुसरा प्रश्न असा की या स्थानकांमधील अंतरांचा तक्ता करायचा असेल तर किती अंतरे मोजावी लागतील? ऐरोलीपासून वाशीचे अंतर मोजल्यावर वाशीपासून ऐरोलीचे पुन्हा मोजण्याचे कारण नाही. म्हणून २० तिकिटांतील दोन-दोन तिकिटे मिळून एक अंतर होते, आणि अंतरे १० होतात.

त्यामुळे प्रत्येक प्रश्नापुढे तिने एकच कसोटी लावावी: मी निवडलेल्या दोन नावांची अदलाबदल केली तर नवी गोष्ट तयार होते का? वर्गप्रमुख आणि उपप्रमुख निवडायचे असतील तर अदलाबदलीने वेगळी निवड होते, म्हणून २०. रांगोळीसाठी दोघी निवडायच्या असतील तर अदलाबदलीने तीच जोडी राहते. प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली म्हणून २० भागिले २, म्हणजे १०. सदरा आणि विजार यांची अदलाबदल करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे कोणतीही जोडी दोनदा मोजलेली नाही, म्हणून भागाकारही नाही. भागायचे ते एकच गोष्ट जितक्या वेळा मोजली गेली तितक्याने.

हे पक्के झाले की पाच जणींतून तिघींची निवड द्यावी. ५ × ४ × ३ = ६०, आणि कोणत्याही तिघींची नावे सहा वेगवेगळ्या क्रमांनी लिहिता येतात, म्हणून ६० भागिले ६, म्हणजे पुन्हा १०. दोघींच्या निवडीचे उत्तरही १० आणि तिघींच्या निवडीचेही १० कसे, हा प्रश्न तिला स्वतःला पडू द्यावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. तिघींना घेणे म्हणजे दोघींना वगळणे, हे मुलांना स्वतः सापडते तेव्हा त्यांना फार आनंद होतो.

गुणाकाराच्या नियमासाठी डब्याचे उदाहरण पुरते, पण त्यात एखादी अट जरूर घालावी. पोळी किंवा भाकरी, आणि मेथी, बटाटा किंवा वांगे यांपैकी एक भाजी, असे सहा डबे होतात. लोणचे घ्यायचे की नाही हे जोडले तर बारा. आता ‘वांग्याबरोबर भाकरीच हवी’ अशी अट घाला. पोळी-वांगे हा डबा गळतो, तोही लोणच्यासह आणि लोणच्याशिवाय असा दोनदा, म्हणून १० उरतात. अट नसलेली गणिते मुले नमुना पाहून सोडवतात. अट घातली की त्यांना खरोखर मोजावे लागते.

वाशीतील गणित शिक्षक (वाशी, नवी मुंबई)

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सूत्रांविषयी थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो. यादी लिहिण्याची सवय आवश्यक आहे, तरी यादीवरच थांबलेले मूल मोठ्या संख्या आल्या की हतबल होते. दहा जणांतून चौघांची निवड २१० प्रकारे होते. तेवढी यादी कोणी लिहू शकत नाही आणि लिहूही नये. म्हणून यादी अशा शिस्तीने लिहायला शिकवावी की तिच्यातूनच गुणाकार दिसेल. पहिले स्थान पक्के करून दुसरे बदलत जाणे, मग पहिले बदलणे. किंवा फांद्यांची आकृती काढून प्रत्येक पातळीवर किती फांद्या फुटतात ते लिहिणे. वाटेल त्या क्रमाने लिहिलेली यादी अपुरी राहते आणि ती अपुरी आहे हे कळतही नाही. क्रमगुणिताचे चिन्ह आठवीच्या अखेरीस, पाच-सहा वेळा ५ × ४ × ३ × २ × १ लिहून हात दुखल्यावर दिले तर मुलांना ते सोयीचे वाटते. सातवीच्या आरंभी दिलेले सूत्र मात्र कोठे लावायचे हे कळत नसल्यामुळे सगळीकडेच लावले जाते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. अनेक ठिकाणी मुलांना असे शिकवले जाते की प्रश्नात ‘आणि’ आले की गुणायचे, ‘किंवा’ आले की मिळवायचे. एक फासा टाकला असता सम संख्या किंवा ३ पेक्षा मोठी संख्या पडण्याची संभाव्यता या नियमाने ३/६ + ३/६ = १ येते, म्हणजे ती गोष्ट दर वेळी घडलीच पाहिजे; परंतु १ किंवा ३ पडल्यास ती घडत नाही. २, ४, ६ आणि ४, ५, ६ या दोन याद्यांत ४ आणि ६ दोन्हीकडे आहेत, म्हणून अनुकूल निष्पत्ती २, ४, ५, ६ अशा चारच, आणि उत्तर ४/६ म्हणजे २/३. शब्दाकडे पाहून क्रिया ठरवण्याची सवय एकदा लागली की ती दहावीतही सुटत नाही.

कळव्यातील मराठीच्या शिक्षिका (कळवा, ठाणे)

मी गणित शिकवीत नाही, तरी या चर्चेला जोडून एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते मुलांना मराठी व्याकरणाच्या तासाला भेटतेच. अक्षरगणवृत्तांत तीन-तीन अक्षरांचा एक गण पाडतात आणि प्रत्येक अक्षर लघू तरी असते किंवा गुरू तरी. गण आठच का, सात किंवा नऊ का नाहीत, हे आम्ही वर्गात क्वचितच सांगतो. पहिल्या अक्षरासाठी दोन पर्याय, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी दोन; २ × २ × २ = ८. ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रातून य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण निघतात आणि एकही सुटत नाही.

लघूच्या जागी काटा आणि गुरूच्या जागी छापा लिहिला की ही तीन नाण्यांच्या निष्पत्तींची पूर्ण यादी होते. म गणात तिन्ही गुरू, न गणात तिन्ही लघू. य, त आणि र या तिघांत दोन गुरू. ज, भ आणि स या तिघांत एकच गुरू. म्हणून तीन नाण्यांत नेमके दोन छापे पडण्याची संभाव्यता ३/८ आहे, आणि य, त, र हे त्या तीन निष्पत्तींचे जणू तयार नावच आहे. आपल्याकडे लघु-गुरूंच्या सर्व रचना क्रमाने मांडण्याची पद्धत, म्हणजे प्रस्तार, पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून चालत आली आहे, आणि १, ३, ३, १ अशा संख्यांची जी त्रिकोणी मांडणी होते, तिला मेरुप्रस्तार म्हणतात. चार अक्षरांचा प्रस्तार मुलीने स्वतः लिहून पाहावा. १६ ओळी होतील आणि गुरूंच्या संख्येनुसार त्यांची विभागणी १, ४, ६, ४, १ अशी होईल.

षड्रसांचेही असेच आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहांपैकी प्रत्येक रस पदार्थात आहे किंवा नाही, असे दोन-दोन पर्याय धरले तर ६४ प्रकार होतात. एकही रस नाही हा प्रकार वगळला की ६३ उरतात. सुश्रुतसंहितेत रसांचे हे ६३ भेद मोजलेले आहेत: एकेका रसाचे ६, दोन-दोनांचे १५, तीन-तीनांचे २०, चार-चारांचे १५, पाच-पाचांचे ६ आणि सहाही रसांचा १. ऐरोलीकरांनी सांगितलेली ‘तिघींना घेणे म्हणजे दोघींना वगळणे’ ही गोष्ट येथेही लागू पडते. दोन रस घेणे म्हणजे चार वगळणे, म्हणून दोन्हीकडे १५.

खारघरकर (खारघर, नवी मुंबई)

फाशावरील सहाचा मुद्दा मागे राहिला आहे. लुडोमध्ये सोंगटी बाहेर काढण्यासाठी सहाचीच वाट पाहिली जाते. दोन किंवा तीन कधी पडले नाहीत याची कोणी नोंद ठेवत नाही. त्याखेरीज, सहा वेळा फासा टाकल्यावर एकदा तरी सहा पडलाच पाहिजे, अशी मुलांची समजूत असते. प्रत्येक वेळी सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ आहे. सहाही वेळा न पडण्याची (५/६) चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.३३. सहा वेळा टाकण्याच्या तीन फेऱ्यांपैकी साधारण एका फेरीत सहा एकदाही पडणार नाही, आणि वाट पाहणाऱ्याला तो अन्याय वाटणार. तिने हीच नोंद ‘दोन’ या अंकासाठी ठेवावी. तोही तितक्याच वेळा दडी मारून बसलेला दिसेल. सातवीत घातांक येतात, त्यामुळे हे गणितही तिच्या आवाक्यातले आहे.

याच समजुतीचे दुसरे रूप म्हणजे चार छापे ओळीने पडले की आता काटा यायलाच हवा, असे वाटणे. यासाठी तिला आधी मनाने २० वेळांची छापा-काट्याची यादी लिहायला सांगावी आणि नंतर खरोखर २० वेळा नाणे उडवून दुसरी यादी करावी. मनाने लिहिलेल्या यादीत ओळीने चार सारखे येणे मुले टाळतात. प्रत्यक्ष यादीत मात्र ते बऱ्याचदा येते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मोजणी आणि संभाव्यता एकत्र आणणारा एक सराव घराच्या गॅलरीतून करता येतो, आणि माझ्या मते या वयासाठी त्याहून चांगला सराव नाही. वाहनाच्या पाटीवर एमएच ०४ किंवा एमएच ४३ आणि अक्षरे यांच्यापुढे चार अंक असतात. चारपैकी निदान एक अंक पुन्हा आलेला असेल अशा पाट्या किती असाव्यात, याचा अंदाज आधी घ्यावा. मोठी माणसेही बहुधा फार कमी सांगतात. आता मोजूया. एकही अंक पुन्हा न येणारे क्रमांक १० × ९ × ८ × ७ = ५०४० आहेत. ०००१ पासून ९९९९ पर्यंत एकूण क्रमांक ९९९९. म्हणून अंक पुन्हा येणारे क्रमांक ४९५९, म्हणजे जवळजवळ निम्मे. जे हवे ते सरळ मोजणे कठीण असेल तेव्हा जे नको ते मोजून वजा करावे, ही पद्धत येथे सहज हाती लागते. अंक पुन्हा येणारे क्रमांक थेट मोजायला बसल्यास दोनदा, तीनदा, दोन जोड्या असे अनेक प्रकार सांभाळावे लागतात.

त्यानंतर ५० वाहनांची नोंद करावी. अंक पुन्हा आलेल्या पाट्या २५ च्या आसपास येतील. १८ ते ३२ यांच्या बाहेर आकडा गेला तर पुन्हा ५० वाहने पाहावीत आणि दोन्ही नोंदी एकत्र कराव्यात. काही लोक जादा शुल्क भरून आवडीचा क्रमांक घेतात, त्यामुळे सर्व क्रमांक तंतोतंत समसंभाव्य नाहीत. याचा निकालावर कोणत्या दिशेने परिणाम होईल, हे तिलाच विचारावे. नोंद करताना एक काळजी घ्यावी. काही जुन्या पाट्यांवर क्रमांकाआधीची शून्ये लिहिलेली नसतात. तेथे ती शून्ये धरूनच चार अंक मोजावेत, म्हणजे ४७ ही पाटी ००४७ समजून ‘अंक पुन्हा आला’ या रकान्यात लिहावी. अन्यथा ५०४० चा हिशेब त्या पाटीला लागू होत नाही.